बंदुकीच्या टाकीचं भोक

आमी बुऱ्हानपूरचेच. बुधवाऱ्यात आमचं तांबटाचं दुकान, दुकान कसलं, पुढं भट्टी आन मागं घर. बाप लवकर गेला, मले दादानं वाढवलं, दादा म्हंजे माझा थोरला भाऊ मुरलीधर, माझ्याहून चौदा वर्सांनी मोठा, आन त्याची बायको, माझी वहिनी. घागर, तपेलं, बंब, पुढं स्टोव्ह आले तर स्टोव्ह, गळकं काही बी आना, दादा कथील वितळवून असं झाळायचा का भोक कुठं व्हतं ते बोटाले लागायचं नाही. आन आमच्यात एक पद्धत, झाळून झालं का भांडं पान्यानं भरायचं आन कोरड्या राखेवर ठेवायचं. राख ओली नाही झाली तरच गिऱ्हाइकाच्या हाती द्यायचं. ते मी दादाकडूनच शिकलो.

तर तेव्हा, काय सांगू तुमाले, आपलं राज्य नुकतंच बदललं व्हतं, कारभार नागपूरचा भोपाळले गेला, कागद हिंदीत यायले लागले, लोक म्हनत आता आपन नेमके कुठले. दादा म्हने, लोकांची भांडी गळतात तोवर आपन बुधवाऱ्याचे. त्याच दिवसांत बहादरपूरचे एक केळीवाले पाटील आले, हातात छर्ऱ्याची बंदूक. बागेत पोपट लई पडत, त्यांना हुसकायले घेतलेली, दांडा हापसून नळीखालच्या टाकीत हवा भरायची तशातली. आता या शहान्या मानसानं काय करावं, तर खांद्याच्या पट्ट्याले कडी पायजे म्हनून त्या हवेच्या टाकीलेच भोक पाडून घेतलं! हवा भरली का फुस्स. म्हने बुजवून द्या.

दादा मले म्हने हे आपलं काम नाही, परत दे. पन मी विशीतला, हात नवा, अंगात मस्ती. म्हटलं दादा, भोक ते भोक, घागरीचं काय आन बंदुकीचं काय. आन ठेवून घेतली मी. दादा बाजारात गेला तेव्हा भोकात बाहेरून पितळेची खुंटी ठोकली, वरून कथील दिलं, कानशीनं घासून चकचकीत केलं. मग आपली पद्धत. टाकीचं टोक खोलून पानी भरलं, परत आवळलं आन बंदूक राखेवर ठेवली. दुसऱ्या दिवशी बघतो तर राख कोरडी ठनठनीत. दादाले दाखवली. त्यानं खुंटीवरून बोट फिरवलं. पाटील यायच्या आधी म्हने आन, मी बघतो, त्याच्या तोंडापाशी काही झालं तर.

तोंड भिंतीकडं करून दादानं दांडा हापसला. पाच वेळा, सहा वेळा. मग हवा कुठं सुटते का ते ऐकायले मान वाकवून कान त्या जागेपाशी नेतच व्हता. आन फट! एवढाच आवाज, भाऊ. मले वाटलं भट्टीत काही तडकलं. दादा खाली बसला व्हता, डोळ्यावर हात, आन बोटांतून रक्त. खुंटी सुटून सरळ डोळ्यात गेली व्हती. मी उभाच. हलताच येईना मले. वहिनी पानी घेऊन धावली, मी उभाच.

दवाखान्यात डाक्टर उत्तरेकडचे, नवीन आलेले. यह काम किसने किया था, म्हने. मी तोंड उघडलं, तेवढ्यात दादा बोलला, मैंने. त्यांनी कागदावर लिहिलं, अपनी ही गलती से. ते मी वाचलं आन गप बसलो. घरी आल्यावर दादा म्हने, तुझं लग्न जमतंय, हात बदनाम झाला तर काम कोन देईल आन पोरगी कोन देईल, माझं जे व्हायचं ते झालं, तू तोंड उघडू नको.

डोळा गेलाच. महिन्यानं दादानं तीच बंदूक माझ्यापुढं ठेवली. म्हने पानी गप पडून राहतं, दाबून भरलेली हवा गप राहत नाही, ती बाहेर ढकलते. बूच आतून घाल, आतल्या अंगाले जाड, बाहेर बारीक, मग हवाच त्याले दाबून बसवील. तसं केलं, आन ती पाटलाकडं लई वर्सं चालली. पन लोक काय म्हनत? मोठ्याचा हात बिघडला, धाकट्याकडं द्या. दादासमोर म्हनायचे. तो भाता ओढत बसायचा. आन मी ऐकून घ्यायचो.

दादा गेला, तेरावं झालं, तेव्हा वहिनी गहू निवडत व्हती, तिच्या पायाशी बसून मी सगळं सांगितलं. तिनं हात थांबवला नाही. म्हने, भाऊजी, मले पहिल्या दिवसापासून माहीत हाये. यांनी त्याच दिवशी सांगितलं, आन शपथ घातली का मले ठाऊक हाये हे तुमाले कळू द्यायचं नाही, नाहीतर तुमी या घरात जेवनार नाही.

मी हादरलो, भाऊ. नवऱ्याचा डोळा कोनी घेतला हे माहीत असून तिनं मले तव्यावरची पहिली भाकर वाढली, इतकी वर्सं, रोज. एकदा बी हात आखडला नाही.

आता तिले दिसत नाही, मी भाकर कुस्करून देतो, तर डोक्यावर हात ठेवून म्हनते सुखी राहा. मले ऐकवत नाही ते. तुमी लिहून घेताय ना, मग दादाचं नाव नीट लिहा, मुरलीधर तांबट, बुधवारा. आन लिहा का त्याचा हात शेवटपर्यंत चांगला व्हता. एवढं लिहा, देव तुमचं भलं करो.