धुऱ्यावरचा जोड

मी, सौ. सिंधू दयाराम काकड, वय सत्तेचाळीस वर्षे, धंदा शेती व घरी शिवणकाम, राहणार मौजे जांभळखेड, तालुका लोणार, जिल्हा बुलढाणा. मला कोणी बोलावणे पाठवलेले नाही. आज आपण होऊन ठाण्यात आले आहे आणि समक्ष सांगते की,

वरील ठिकाणी मी, माझे पती दयाराम व मुलगी राखी असे तिघे राहतो. गावाच्या वळणाला लागून आमचे कोरडवाहू शेत आहे. त्यात दरवर्षी कपाशी असते. शेताच्या बांधावरून, ज्याला आम्ही धुरा म्हणतो, गावात येणाऱ्या इंटरनेटच्या दोन वायरी गेलेल्या आहेत. एक अकील फकीर मोहम्मद याची व दुसरी झेपनेट कंपनीची. दोन्ही एकाच बाभळीला बांधलेल्या आहेत.

झेपनेटची तालुक्याची एजन्सी ज्ञानेश्वर यांच्याकडे आहे. अकीलने त्यांची वायर मुद्दाम तोडली, अशी तक्रार त्यांनी दिल्याचे मला समजले. ती तक्रार खरी नाही. ती वायर कोणी तोडली नाही. ती जळाली. कशी जळाली ते मला माहीत आहे, आणि हे सांगायला मी चार दिवस उशीर केला आहे.

आम्ही अकीलचे कनेक्शन सोडून झेपनेटचे का घेतले, असे विचारल्यावरून सांगते की, अकीलला मी तो शाळेत होता तेव्हापासून ओळखते. त्याचे वडील फकीर मोहम्मद यांनी गावात पहिल्यांदा डिशची वायर आणली. पुढे अकीलने त्याच खांबांवरून नेट सुरू केले. त्याचे नेट कसे होते म्हणाल तर सकाळी बरे आणि संध्याकाळी रडके. सगळे गाव सिरियल पाहायला बसले की आमच्या घरी चित्र थांबे आणि गोल चकरी फिरत राही. लाईट गेली की त्याची बॅटरीही मान टाके. यावरून मी त्याला बरेच बोललेले आहे. पण बंद पडले आणि फोन केला की तो शिडी घेऊन स्कूटीवर येत असे. घरचे माणूस हाक मारल्यावर येते तसा येई. पावसातही आलेला आहे.

झेपनेटचे नेट जोरात चालते, यात खोटे नाही. त्यांच्या माणसाने आमच्या ओसरीत उभे राहून मोबाइलवर दोन्हीचा स्पीड काढून दाखवला. अकीलचा काटा अर्ध्यावरही गेला नाही. बंद पडले तर काय, असे मी विचारले. तो म्हणाला, कंपनीचा नंबर आहे, चोवीस तास चालू असतो. नंबर चोवीस तास चालू असतो हेही खरे निघाले.

राखीने लोणारला बी.कॉम. केले आहे. तिला घरी बसून करायची नोकरी मिळत होती, एका कंपनीच्या गिऱ्हाइकांशी फोनवर बोलण्याची. पण घरात वायरचे नेट पाहिजे आणि स्पीडचा फोटो पाठवायचा, अशी अट होती. राखी म्हणाली, "आई, अकीलभाऊच्या नेटवर तं अर्जच पुढं सरकून नाही राह्यला." दोन वर्षांपासून आमच्या बोंडांत कापसापेक्षा अळी जास्त निघते. पोरीला पुण्याला कोणाच्या दारात ठेवायची, नाहीतर आलेले स्थळ पाहायचे, असे घरात बोलणे चालू होते. म्हणून आम्ही कनेक्शन बदलले. आजही तो निर्णय मला चुकीचा वाटत नाही. ज्या रीतीने बदलले ते चुकले.

अकील त्याचा नेटचा डबा काढून न्यायला आला तेव्हा मी मशीनवर बसले होते. मी उठले नाही. त्याच्याकडे पाहायची मला लाज वाटत होती आणि लाज वाटली की मी कामात डोके घालते, हा माझा स्वभाव आहे. त्याने खिळे काढले, वायर गुंडाळली आणि म्हणाला, "काकू, भिताडाचं भोक तसंच राहू द्या. त्याईले नवं पाडा नाही लागन." मी हाव म्हटले. तो चहा न घेता गेला. आमच्या घरातून तो चहा न घेता गेल्याचे मला दुसरे आठवत नाही. आमच्यामागे गल्लीतली बरीच घरे झेपनेटवर गेली. "काकडाईनं घेतलं तं चांगलंच असन," असे बाया म्हणत होत्या.

घटनेच्या दिवशी दुपारी राखीची शेवटची मुलाखत होती. माझे पती सकाळीच शेतात गेले होते. कापूस वेचून झाला की उभी झाडे उपटतात, त्यांना आम्ही पऱ्हाटी म्हणतो. दरवर्षी ती घरी आणून चुलीसाठी रचून ठेवतो. यंदा कृषी सहायकांनी गावात सांगितले होते की पऱ्हाटी साठवू नका, गुलाबी अळी त्यातच दडून राहते, तिची विल्हेवाट लावा. तसेही माझ्या पतींना ती पऱ्हाटी घरात नको होती. यंदा बोंड फोडले की आत अळी, असा हंगाम गेला. ते मला म्हणाले होते, "हे लाकडं चुलीत घातले तं भाकरीले चव नाही लागनार." त्यांनी सगळी पऱ्हाटी धुऱ्याच्या कोपऱ्यात, त्या बाभळीखाली ओढली आणि पेटवली. वारा सुटला होता. माणसाचे लक्ष आग शेजारच्या शेतात जाऊ नये इकडेच असते. वर वायरी आहेत हे त्यांच्या ध्यानात राहिले नाही. आग विझत आल्यावर ते विहिरीकडे गेले. त्यांना काहीच माहीत नव्हते.

घरी राऊटरवर लाल दिवा लागला. राखी नवीन ड्रेस घालून, केस बांधून बसली होती. आमचे घर खोलगट भागात असल्याने मोबाइलवर बोलणे होते, पण नेट चालत नाही. मी कंपनीच्या चोवीस तासवाल्या नंबरवर फोन लावला. एक दाबा, दोन दाबा झाले. बाई हिंदीत म्हणाली, आपली तक्रार नोंदवली आहे, दोन दिवसांत माणूस येईल. मग ज्ञानेश्वर यांना फोन केला. ते म्हणाले, "ताई, मी जालन्याले आलो. उद्या पाहू." ते काही वाईट बोलले नाहीत. पण उद्या मुलाखत नव्हती.

राखी रडली नाही. ती केसांच्या पिना काढू लागली. ते पाहून मी अकीलला फोन केला. फोन मीच केला, ही बाब महत्त्वाची असल्याने नीट लिहून घ्यावी.

मी म्हटले, "अकील, नेट बंद पडलं. राखीची मुलाखत हाय."

तो म्हणाला, "काकू, तुमचं तं आता कंपनीचं हाय."

मी म्हटले, "हाव."

तो म्हणाला, "किती वाजता हाय तिची? पिना काढू नका म्हना तिले, म्या येतो." पिनांचे मी त्याला सांगितले नव्हते. माझे राखीवर ओरडणे त्याला फोनवर ऐकू गेले असावे.

तो शिडी आणि जोडणीची मशीन घेऊन आला. वायर बघत बघत आम्ही दोघे धुऱ्यावर गेलो. तिथे राख अजून गरम होती. झेपनेटची वायर जळून खाली लोंबत होती. अकीलचीही जळाली होती. हे तक्रारीत कुठेही नाही, म्हणून मुद्दाम सांगते. त्याच्या वायरीवरची घरेही त्या वेळी बंद होती आणि त्याचा फोन सारखा वाजत होता.

मी म्हटले, "तुही बी जळली. तुही आधी जोड."

तो म्हणाला, "माह्यावाले लोकं सिरियल पाह्यतेत, काकू. ते थांबतीन. पोरीची मुलाखत नाही थांबनार."

तो शिडीवर चढला. शिडी मी धरली होती. त्याच्या हातात ब्लेड होते, कारण वायरीची वरची साल ब्लेडनेच काढावी लागते. आतली तार केसासारखी असते. रस्त्याने जाणाऱ्यांनी त्याला तेव्हा वायरीवर ब्लेड चालवताना पाहिले म्हणतात, ते खरेच पाहिले. शिडी धरलेली मी बाभळीआड असल्याने त्यांना दिसले नसेन. झेपनेटची जोडाची डबी वितळून गेली होती. म्हणून अकीलने आपल्या पिशवीतली निळी डबी लावली. तिच्यावर त्याचा मोबाइल नंबर रंगवलेला असतो. त्याच्या सगळ्याच डब्यांवर असतो, लोकांना फोन करता यावा म्हणून. ज्ञानेश्वर यांच्या माणसाने पुरावा म्हणून जिचा फोटो काढला ती हीच डबी आहे.

खाली उतरल्यावर त्याने राखेकडे पाहिले. राख कोणाच्या पऱ्हाटीची, हे त्याला विचारायची गरज नव्हती. तो म्हणाला, "काकाचं नाव कुठं काढू नका. कंपनीचं काम हाय, नोटीस पाठवतीन. कोनी विचारलं तं म्हना, तुटली होती, जोडली." मी त्याला घरी चहाला चल म्हटले. तो म्हणाला, आता माझी जोडू द्या, लोक शिव्या देत असतील. त्याची जोडून होईपर्यंत संध्याकाळ झाली.

राखीची मुलाखत झाली. तिला नोकरी लागली. मी गल्लीत पेढे वाटले. अकीलच्या घरी स्वतः जाऊन द्यायचे म्हणून त्याचे वेगळे काढून ठेवले. ते अजून घरीच आहेत.

त्यानंतर झेपनेटचा माणूस आला, डबी पाहिली आणि तक्रार झाली. दुसऱ्याची वायर कोणी फुकट जोडून देत नाही, तेव्हा यानेच तोडली असणार, असे ज्ञानेश्वर यांचे म्हणणे आहे. त्यांना अकीलची ओळख नाही, म्हणून त्यांना तसे वाटले असावे. पण गावाला ओळख आहे आणि गावही तसेच बोलू लागले. "धंदा बुडाला की मानूस काई बी करते," असे मी स्वतःच्या कानांनी ऐकले. ते बोलणाऱ्यांच्या घरी अकीलचीच वायर आहे. अकीलला चौकशीला बोलावले तेव्हा त्याने एवढेच सांगितले की, वायर तुटलेली दिसली, जोडली. कोणी बोलावले ते सांगितले नाही. कशाने तुटली तेही सांगितले नाही. एवढे दिवस तो कोणाला वाचवत आहे हे मला माहीत होते, आणि मी घरात शिवत बसले. माझे पती म्हणाले, थांब, पाहू. मलाही थांबायचेच होते, म्हणून मी त्यांचे ऐकले. एरवी मी त्यांचे एवढे ऐकत नाही.

काल सकाळी मी एस.टी.च्या थांब्यावर उभी होते. तिथे फकीर मोहम्मद चाचा आले. त्यांच्या हातात जेवणाचा डबा होता. अकीलला पुन्हा ठाण्यात बोलावले होते आणि किती वेळ लागेल ते माहीत नसल्याने ते डबा घेऊन निघाले होते. त्यांनी मला पाहिले. आता ते काय विचारतील, म्हणून मी गाडीच्या वाटेकडे पाहू लागले. ते म्हणाले, "राखीले नोकरी लागली म्हने, बेटा. लय चांगलं झालं." एवढेच बोलले. गाडी आली, ते चढले. मला त्याच गाडीने जायचे होते, पण मी चढू शकले नाही.

घरी येऊन मी पतींना सांगितले की मी ठाण्यात जाणार. ते अंगणात बसले होते, तिथून उठले आणि म्हणाले, "जा. अन् माह्यं नाव पुरं सांगजो, बापाच्या नावासकट." त्याप्रमाणे सांगते की, पऱ्हाटी पेटवणारे माझे पती दयाराम कडूबा काकड हे आहेत. त्यांनी ते मुद्दाम केलेले नाही. ते आज माझ्यासोबत आले असून बाहेर बाकावर बसले आहेत व त्यांचाही जबाब घ्यावा.

आणखी एक विनंती आहे. ती निळी डबी पुराव्यासाठी काढून न्यायची आहे, असे इथे बोलणे झाले. त्याला माझी हरकत नाही. पण घटनेच्या दिवसापासून आमच्या गल्लीतली झेपनेटची सगळी घरे त्याच जोडावर चालू आहेत. आज सकाळी राखी त्याच जोडावर कामाला बसली. डबी काढली की सगळे बंद पडेल. कंपनीचा माणूस दोन दिवसांनी येईल, आणि अकीलला पुन्हा फोन करायचे तोंड आता मला राहिलेले नाही. तरी काढण्याआधी आम्हाला कळवावे.

माझे म्हणणे महिला पोलिसांनी लिहून घेऊन मला मराठीत सावकाश वाचून दाखवले. त्यात दोन ठिकाणी "आरोपी अकील" असे आले होते. आरोपी हा शब्द मी बोललेले नाही, म्हणून तो दोन्ही ठिकाणी खोडायला लावून बाजूला सही केली आहे. बाकी सगळे मी सांगितले तसेच आहे.

समक्ष सही,
सिंधू दयाराम काकड