डायनासोरच्या काळातलं झाड

दुर्मीळ झाडांचं कौतुक मला सांगू नका. कशेळ्याच्या आमच्या आप्पाकाकांनी रसायनीच्या कुठल्याशा साहेबाकडून एक रोप आणलं होतं. दिसायला सुरूसारखं, पण म्हणे डायनासोरच्या काळातलं. काकांनी ते अंगणात लावलं, पोटच्या पोरासारखं जपलं. झाड कौलांच्या वर गेलं, तेव्हा त्यांनी पुण्याच्या एका प्रोफेसरांना बघायला बोलावलं.

प्रोफेसर यायच्या आदल्या दिवशी काका कर्जतला पेढे आणायला गेले. परत येऊन बघतात तर अंगणात नुसता खांब, वर चवरीएवढा शेंडा.

"अगं, झाडाचं काय केलंस?"

"राबाला तोडलं," काकू म्हणाली. भाताचं रोप करायच्या जागेवर आमच्याकडे आधी फांद्या आणि पाला जाळतात, तो राब. "औंदा ऐनाच्या फांद्या पुरल्या नाय. आणि शेंडा ठेवलाय की!"

काका त्या दिवशी जेवले नाहीत.

सकाळी प्रोफेसर आले. त्यांनी झाडाभोवती चकरा मारल्या, चष्मा पुसला, पुन्हा वर बघितलं.

"वा! काय हे आदिम रूप! आमच्या कॉलेजातलं झाड बघा, नुसतं झुडपासारखं पसरलंय. हा आकार आणलात कसा?"

काकांनी मान खाली घातली आणि काकूकडे बोट केलं.

काकू म्हणाली, "टेंपो धाडा, येते कोयता घेऊन. पण फांद्या आमच्या हां!"

आणि देवाशपथ सांगतो, त्या माणसानं टेंपो धाडला.