उरलेली तीन वर्षं

डोळ्यांत थेंब घातल्यामुळे मास्तरांना दवाखान्यातलं सगळंच धूसर दिसत होतं. मग शेजारच्या बाकावर एक पाहणीवाली मुलगी एका आजींना प्रश्न विचारत होती, तिकडे त्यांनी कान लावले.

“समजा, आजी, हे दुखरे गुडघे घेऊन दहा वर्षं जगायचं, की ठणठणीत होऊन सातच?”

“साडेनऊ.”

“अहो, यात घासाघीस नसते! अशा उत्तरांवरून सरकार ठरवतं, कुठल्या आजारावर किती खर्च करायचा ते.”

“बरं, नऊ. तुझंही नको, माझंही नको.”

“दहा की सात, एवढंच सांगा.”

“सात घेतली, तर वरची तीन कुठं जातात?”

“कुठंच नाही. ती नुसती समजायची.”

“म्हणजे चांगली धडधाकट वर्षं वाया घालवता? त्यापेक्षा आमच्या ह्यांच्या नावावर करा.”

“तसा रकाना नाही, आजी.”

“मग कडेला लिही. आत तपासताहेत त्यांना. डॉक्टर म्हणाले, आता महिनेच मोजा.”

“…तीन लिहू?”

“पाच लिही, पोरी. तुझे साहेब घासाघीस करतीलच.”