फक्त दोन सायकली

नाही, मला बोलू द्या. घरात मला कोणी बोलू देत नाही, तोंड उघडलं की बायको म्हणते, "झालं का परत सुरू?" अहो, परत सुरू म्हणजे काय, माझी नडगी बघा! ही, इथे, वांग्याच्या रंगाची झालीये. आणि कशापायी, तर तुम्हाला सांगतो, मला फक्त दोन सायकली न्यायच्या होत्या!

एक माझी, एक पोरीची. पोरीला नोकरी लागली, लांबच्या शहरात, सोमवारी निघायचं. मला म्हणाली, "बाबा, जायच्या आधी एकदा तळ्यावर जाऊ या. तू मला जिथे सायकल शिकवलीस तिथे. आपण दोघंच." आता पोरीने असं म्हटल्यावर कोणता बाप नाही म्हणेल? एरवी ही मुलगी माझ्याशी बोलते ती चार्जर कुठे ठेवलास म्हणून. म्हटलं, रविवारी सकाळी, ठरलं. तळं गाडीने तासाभरावर, आमच्याकडे चांगली ऐसपैस व्हॅन, टाकल्या सायकली मागे की निघालो, हो की नाही?

नाही! कारण शनिवारी संध्याकाळी त्या व्हॅनमध्ये पोरीचं सामान भरायचं होतं. सोमवारी निघायचं तर शनिवारी का, असं मी विचारलं... एकदाच विचारलं. आमच्याकडे सामान बायको भरते. आयत्या वेळची धावपळ तिला चालत नाही, आणि तिने भरलेल्या गाडीला कोणी हात लावलेला तर मुळीच चालत नाही. मग सायकली ठेवायच्या कुठे, माझ्या डोक्यावर?

इथे आमचे मेव्हणे उगवले. मेव्हण्यांना सगळं कळतं. त्यांच्याकडे स्वतःची गाडी नाही, त्यामुळे दुसऱ्यांच्या गाड्यांचा विचार करायला त्यांना भरपूर वेळ असतो. "भाऊजी," म्हणाले, "टो-बार बसवा." म्हणजे काय, तर गाडीच्या मागे खालून एक आडवा लोखंडी दांडा, दांड्याला बाहेर आलेली मान, मानेवर मोठ्या लिंबाएवढा गोळा, आणि त्या गोळ्यावर बसतो सायकलींचा स्टँड. एकदा बसवला की म्हणे जन्माची चिंता मिटली. जन्माची चिंता कोणाला होती हो, मला रविवारची होती!

गेलो दुकानात. दुकानदार म्हणतो, कायमचा हवा, काढता येणारा हवा, की बटण दाबल्यावर आत दुमडणारा? म्हटलं, बाबा रे, सायकली नेणारा दे. तर तो अगदी मऊ आवाजात, डॉक्टर ऑपरेशनचं सांगतात ना तसा, "तसं नसतं साहेब. तुम्ही ओढणार काय?" काही ओढणार नाही म्हटलं. "बोट आहे?" नाही. "मग घोडा?" घोडा! अहो, मी कोणत्या अंगाने घोडेवाला दिसतो? आमच्याकडे पाळलेलं मांजर टिकलं नाही, आणि हा मला घोडा विचारतोय! आणि मेव्हणे... मेव्हणे माझ्या कानाशी लागून म्हणतात, "भाऊजी, पुढेमागे घोडा..." म्हटलं, तुम्ही जरा बाहेर उभे राहा. मला फक्त दोन सायकली न्यायच्या आहेत!

पण बाहेर उभं राहूनही शेवटी ठरवलं मेव्हण्यांनीच. काढता येणारा घ्यायचा. का, तर काम नसलं की मान उपसून ठेवायची, गाडी मागून सुबक दिसते. मागून! मी गाडीत पुढे बसतो, ती मागून कशी दिसते हे मी कधी बघणार?

मग गॅरेज. गॅरेजवाल्याला सगळे उस्ताद म्हणतात, कोणी ठेवलं हे नाव देव जाणे. गुरुवारी सकाळी गाडी दिली, म्हणाले, दोन तासांचं काम आहे साहेब. दुपारी जाऊन बघतो तर माझी व्हॅन मागून बोडकी, बंपर जमिनीवर, दिवे वायरींना लोंबतायत, आणि उस्ताद शांतपणे चहा पितायत, कारण बंपरला खाच पाडायचं यंत्र कोणीतरी नेलंय. शुक्रवारी खाच पाडली तर वायरिंग राहिलं. आता सायकलींना वायर कशाला, मी विचारलं. तर त्या स्टँडला स्वतःचे दिवे असतात, म्हणजे आपण ब्रेक मारला की मागच्याला कळतं. ते दिवे जोडले आणि गाडीचं डोकंच फिरलं. रिव्हर्स टाकला की कूं कूं कूं कूं... थांबायचं नाव नाही! का, तर मागच्या सेन्सरला तो गोळा दिसतो आणि त्याला वाटतं भिंत आली. गाडी स्वतःच्याच शेपटाला घाबरतेय, आणि उस्ताद म्हणतात, "होईल सवय." कोणाला? मला की गाडीला?

आणि हे सगळं चाललेलं असताना ती नडगी. शुक्रवारी पहिल्यांदा आपटली त्या गोळ्यावर. शनिवारी दुपारी मी बंपर बघायला मागे गेलो, आणि बरोबर त्याच जागी, तुम्हाला सांगतो, केसाचाही फरक नाही, पुन्हा खाड्कन! ब्रह्मांड आठवलं. मी जो ओरडलो, शेजारचा पंक्चरवाला चाक सोडून धावत आला. "उस्ताद, आधी काढा तो गोळा! पुन्हा माझ्या डोळ्यांसमोर दिसता कामा नये!" उस्तादांनी मान डोलावली. आयुष्यात पहिल्यांदा माझं बोलणं कोणीतरी मन लावून ऐकलं... आणि तेच नडलं.

संध्याकाळी गाडी घरी आली. मागे खरंच सुबक, मानेच्या जागी नुसतं भोक आणि त्यावर प्लॅस्टिकचं झाकण. म्हटलं, मान आत कुठेतरी ठेवली असेल. बघायला जाणार तोवर बायकोने गादी आत ढकललीसुद्धा, मग टेबल-खुर्ची, मग खोकी, मग खोक्यांच्या फटींत उश्या, छतापर्यंत, आणि वरून दोरीच्या अशा गाठी की गाठी मारणाऱ्यालाही सुटू नयेत.

रविवारी सकाळी पोरगी हेल्मेट घालून तयार, दोन्ही सायकली पुसून फाटकाशी उभ्या, माझ्या हातात स्टँड, आणि मान कुठाय? पुढच्या सीटखाली नाही, खणात नाही. म्हणजे सामानाखालीच असणार. मी नुसतं मागच्या दाराकडे पाहिलं तर बायको म्हणाली, "खबरदार." मग पोरीने तिच्याकडे पाहिलं. "आई," एवढंच म्हणाली. आणि बायकोने, तुम्हाला खोटं वाटेल, स्वतःच्या हाताने पहिली गाठ सोडली.

सगळं बाहेर काढलं. गादी, टेबल, खोकी, सगळं फाटकासमोर रस्त्यावर. येणारा-जाणारा विचारतोय, "घर सोडताय का?" आणि मान काही नाही! उस्तादांना फोन लावला. "ती होय साहेब? ती कपाटात कुलपात ठेवलीये. तुम्हीच म्हणालात ना, डोळ्यांसमोर नको. मी सासुरवाडीला आलोय, उद्या देतो."

मग मी जो सुटलो! उस्ताद, उस्तादांची सासुरवाडी, मेव्हणे, दुकानदार, तो नसलेला घोडा, एकेकाचा उद्धार केला. भर रस्त्यात, गादीवर उभा राहून. एक काम धड होत नाही या घरात, पोरगी उद्या निघाली, आणि मला फक्त दोन सायकली न्यायच्या होत्या, फक्त दोन, आणि... आणि तिथे माझा आवाजच गेला हो. तेव्हा पोरगी हळूच म्हणाली, "बाबा, गाडी रिकामी आहे."

मी वळून बघतो तर खरंच की. अख्खी व्हॅन रिकामी, आ वासून उभी. दोन काय, चार सायकली मावल्या असत्या. आम्ही गेलो! बायको बसली रस्त्यात पोरीच्या खुर्चीवर, हाताची घडी घालून सामान राखत, आणि मेव्हण्यांना तिने फोन करून बोलावून घेतलं, सामान परत भरायला. त्या आठवड्यातली ती एकच गोष्ट मनासारखी झाली.

तळ्यावर पोरगी पुढे, मी मागे. पूर्वी तिची सीट धरून मागे पळायचो तेव्हाही दम लागायचा, पण तेव्हा हात पोहोचत होता. आता कसला पोहोचतोय. वळणावर मात्र ती पाय टेकून थांबली होती. मी पोहोचेपर्यंत थांबली, आणि पुढची फेरी माझ्या वेगाने मारली.

सोमवारी ती गेली, मीच सोडून आलो. सायकल राहिली, मेव्हण्यांनी भरलेल्या गाडीत कुठली मावायला. आता फोनवर म्हणते, "बाबा, पुढच्या रविवारी आणून दे ना. आणि तुझीही आण." म्हणजे परत दोन सायकली! उस्तादांकडून मान आणली, खटका बसवला, स्टँड चढवून बघितला, आणि काल सायकल लावताना पुन्हा तिथेच, त्याच नडगीवर, खाड्कन. पण ओरडलो नाही. ओरडलं की लोक ऐकतात. नुसता ओठ चावून फाटकाशी उभा राहिलो. बायको आली, माझ्या डोळ्यांकडे बघितलं, कधी नव्हे ते पाठीवर हात ठेवला. "पोरीची आठवण येतेय?"

म्हटलं, "छे गं, नडगीला लागलंय."