झाकणाचा घोडा

मुलगी: बाबा, ते खाली ठेवा आधी. पिस्तुलासारखं धरलंय तुम्ही.

डॉक्टर: अगं, रोटरी टूल घ्यायचं तर हातात धरून बघायला नको?

दुकानदार: धरा की, डॉक्टर! हे आमच्याकडचं सगळ्यात दणकट. घासा, कापा, भोकं पाडा. घरातली एक वस्तू सुटायची नाही.

मुलगी: तीच तर भीती आहे.

दुकानदार: करायचं काय आहे नेमकं?

डॉक्टर: घोडा. बुद्धिबळाचा. आमचा काळा घोडा हरवलाय.

मुलगी: तेव्हापासून बाबा औषधाच्या बाटलीचं झाकण घोडा म्हणून चालवतात. आणि हरायला लागले की तेच झाकण उंट होतं.

डॉक्टर: एकदाच झालं तसं.

दुकानदार: मग एवढ्याशा घोड्याला हे धूड कशाला? बॅटरीवालं छोटं घ्या. वायरची कटकट नाही.

डॉक्टर: आणि ऐन मानेवर बॅटरी संपली म्हणजे?

मुलगी: बाबा, आपलं काय ठरलंय ते सांगा ना त्यांना.

डॉक्टर: त्यांना काय करायचंय!

मुलगी: मग मी सांगते. बाबांचा हात थरथरतो. दवाखाना त्यापायीच बंद केला. तर यांनी इथंच लाकडाच्या तुकड्यावर चालवून दाखवायचं. रेघेवर हात राहिला तर घ्यायचं. घसरला तर तसंच घरी जायचं, आणि पुन्हा हा विषय काढायचा नाही.

डॉक्टर: भाजीसुद्धा चिरू देत नाही हो ही मला. नुसता बसून असतो.

दुकानदार: ताई, या हाताला मी तरी नावं ठेवणार नाही. माझ्या दोन दाढा यांनीच भरल्यात. अजून अक्रोड फोडतो.

डॉक्टर: तोंडानं? दाढा भरल्यात मी, अडकित्ता नाही बसवला. पण तरीच! मघाशी हसलात तेव्हाच वाटलं, हे काम आपलं आहे.

दुकानदार: ‘दुखलं तर डावा हात वर करा’ म्हणायचात. मी आवाज ऐकूनच दोन्ही वर करायचो.

डॉक्टर: पायसुद्धा. चला, चालू करा हे.

दुकानदार: आधी हा चष्मा लावा. आणि ही पेन्सिलीची रेघ. हिच्यावरनं न्या सरळ.

डॉक्टर: हं... अरे! अरे, हे कुठं निघालं?

मुलगी: बंद करा! बंद करा ते! रेघ राहिली तिकडे, तुम्ही पार कडेला पोचलात.

डॉक्टर: जड आहे गं फार.

मुलगी: बाबा...

डॉक्टर: हो, हो. ठरलं होतं. चल.

दुकानदार: अहो, असं तोंड पाडून काय निघालात! हे बघा एक. मोटर वर हुकाला टांगायची, तिथनं ही लवचीक नळी, आणि हातात एवढीशी पेनासारखी मूठ. सगळं वजन हुकावर.

डॉक्टर: ते नको.

दुकानदार: का हो?

डॉक्टर: दात कोरायचं यंत्र असंच असायचं; जन्मभर तेच धरलंय हातात. मघाशी हात हलला, मी म्हटलं यंत्र जड आहे. यावर हलला तर काय म्हणू? भीती वाटते मला त्याची.

मुलगी: धरा, बाबा. ठरलं होतं ते घ्यायच्या यंत्राचं. त्या धुडाचं नव्हे.

डॉक्टर: तू नक्की कोणाच्या बाजूनं आहेस?

मुलगी: झाकणाच्या विरुद्ध.

डॉक्टर: बरं. मग तो तुकडा शिकंज्यात आवळा. जरा खाली. अजून. माझ्या खुर्चीची उंची आठवते ना?

दुकानदार: विसरेन कसा!

डॉक्टर: वेग कमी. दिवा इकडे वळवा. हवेत धरला तर कुणाचाही हात हलेल. हे शेवटचं बोट आधी टेकवायचं. शेजारच्या दाताला... म्हणजे, या कडेला.

दुकानदार: करू चालू?

डॉक्टर: करा. थोडा आवाज होईल हं, घाबरायचं नाही. दुखलं तर डावा हात वर करा.

दुकानदार: डॉक्टर, लाकूड आहे ते.

डॉक्टर: आता बोलायचं नाही.

(यंत्राची बारीक घरघर. थोड्या वेळानं मुलगी डावा हात वर करते.)

डॉक्टर: काय गं? सुटली रेघ?

मुलगी: नाही. रेघेवरच आहात.

डॉक्टर: मग हात कशाला वर केलास? कुठं दुखतंय?

मुलगी: कुठं नाही. भाजीसुद्धा चिरू देत नव्हते मी तुम्हाला. तुम्ही थांबू नका.