शेवटचं अक्षर

परवा पेन्शनसाठी लागणाऱ्या हयातीच्या दाखल्याला वडलांना घेऊन कचेरीत गेलते, ते आठवलं की अजून डोकं फिरतंय. गेल्या वर्षी आबांना अर्धांगवायूचा झटका आला. आता हिंडतात, समजतं सगळं, पण शब्दाचं शेवटचं अक्षर काही केल्या निघत नाही. भाताला 'भा' म्हणतात, पानाला 'पा'. घरात आता सवय झालीय.

खिडकीतला कारकून म्हणाला, "नाव सांगा."

आबा म्हणाले, "वसं."

"वसं काय? पूर्ण सांगा की!"

मी म्हटलं, "वसंत. त्यांना झटका आलता, शेवटचं अक्षर येत न्हाय."

"तुम्ही मधी बोलू नका. ज्याचा दाखला, त्यानंच सांगायचं."

आबांनी पुन्हा जोर लावला. मानेच्या शिरा फुगल्या. "वसं... वसं..."

तो हसला आणि शेजारच्याला म्हणाला, "म्हातारं सकाळीच टाकून आलंय व्हय?"

माझं टाळकंच सटकलं. "अवो, तुम्हाला बा हाय का न्हाय?" म्हणून मी ओरडले. तसा तोही उठला आणि बोट नाचवत माझ्यावरच ओरडायला लागला. तेवढ्यात आबांनी खिडकीवर थाप मारली आणि दणकून म्हणाले, "गप!"

अख्खा शब्द, 'प'सकट. वर्षात पहिल्यांदाच.

त्यानं मुकाट्यानं शिक्का मारला.

घरी आल्यावर आमचे हे खूश. "चला, आबांची जीभ सुटली की!"

मी म्हटलं, "असला अपमान होऊन सुटणार असंल, तर ऱ्हाऊ दे तशीच."