दसऱ्यापासूनचा अर्धा तास

—नाही हो, तुमचा उपग्रह खोटं बोलतो असं कुठं म्हटलं मी? बसा आधी, अविनाशराव. मी एवढंच म्हणते, की एवढ्या उंचीवरून, एवढ्या वेगात पळता पळता बघितलेलं किती खरं मानायचं? धावत्या गाडीतून दिसलेल्या मुलीशी कुणी लग्न ठरवतं का? आमचे हे मात्र त्याच शेतात, त्याच खांबांखाली बारा महिने बसून वर बघतायत. घ्या, चिवडा घ्या. पातळ पोहे इथं चंदीगडात मिळत नाहीत, साताऱ्याहून येणाऱ्या-जाणाऱ्याबरोबर मागवते मी. हे येतीलच आता — केंद्र पडलं झिरकपूरच्या बाजूला, शेतात, स्कूटरनं यायचं म्हणजे वेळ लागतो. आणि तुम्ही एवढे लांबून आलात ते काय, केंद्र बंद करा म्हणून लिहायला? नाही? मग? ‘नोंदींची विश्वासार्हता तपासायला’? तेच झालं की, फक्त तूप लावून.

मला बाईमाणसाला काय कळतंय असं समजू नका हं. यांच्याशी लग्न झालं तेव्हाच आयनमंडळ माझी सवत म्हणून घरात आलंय. हे जमिनीवरून रेडिओच्या लहरी वर सोडणार, त्या वर आभाळातल्या वीजभारल्या थराला आपटून खाली येणार, त्यावरून थर किती उंच नि किती दाट ते ठरवणार. तुमचा उपग्रह तोच थर वरून बघणार. भाकरी एकच — हे तव्याकडची बाजू बघतात, तुम्ही वरचा पापुद्रा. मग दोघांचं जुळायला नको? बरोबर सांगितलं ना? यांच्यापेक्षा बरं सांगितलं! हे एकदा नाक्यावरच्या पोलिसाला समजावायला गेले होते. त्यानं विचारलं, ‘ये तारें किसलिए?’ हे म्हणाले, ‘लहर ऊपर भेजते हैं जी, वापस आती है.’ ‘किसको भेजते हो?’ ‘किसी को नहीं.’ — आता सांगा, या दिवसांत, पंजाबात, शेतात उंच खांब उभारून कुणालाच न पाठवलेला निरोप कोण खरा मानेल? बसवून ठेवलं चौकीत. मी गेले, म्हटलं, ‘भाईसाब, मौसम का दफ्तर है.’ लगेच सोडलं. यांना वाईट वाटलं ते बसवून ठेवल्याचं नाही, मौसम म्हटल्याचं! दोन दिवस बोलले नाहीत माझ्याशी.

तर भांडण काय आहे ते सांगा मला. सकाळी यांची घनता तुमच्यापेक्षा कमी येते... संध्याकाळी जास्त... आणि दुपारी? दुपारी जुळते! मग झालं की. नवरा-बायकोचंसुद्धा एवढं जुळत नाही. कधीपासून म्हणालात? आधी चोख जुळत होतं आणि... दसऱ्याच्या सुमारापासून? असं होय. — काही नाही हो, सहज म्हटलं. चहा टाकू अजून?

दसऱ्याला मीही गेले होते तिकडं. पूजेला. शेतकरी नांगर पुजतो, तुम्ही लोक यंत्र का नाही पुजायचं? हे आपले नको नको म्हणत होते, पण मी ऐकते थोडीच. यंत्राला झेंडूची माळ घातली, नोंदींचे फोटो काढणाऱ्या कॅमेऱ्याला कुंकू लावलं — काचेला नाही, बाजूला, तेवढी अक्कल आहे मला — मग स्टुलावर चढून भिंतीवरच्या घड्याळाला लावलं. हे तेव्हा बाहेर पहारेकऱ्याला आपट्याची पानं देत होते, सोनं म्हणजे काय ते त्याला समजावत होते, म्हणजे मला वेळच वेळ... म्हणजे पूजेला हो, पूजेला वेळ.

काय? कागदावर सगळ्या नोंदी अर्धा तास मागं सरकवून बघितल्या तर नेमक्या बसतात? हुशार आहात. लाडू देते तुम्हाला.

असे बघू नका. सांगते. त्यांच्या खात्याची ती जुनी रीत, तुम्हाला ठाऊकच आहे — केंद्रातलं घड्याळ आपल्या वेळेवर नाही, पंचाहत्तर रेखांशाच्या वेळेवर. म्हणजे तुमच्या-माझ्या घड्याळापेक्षा अर्धा तास मागं. आणि आमचे हे त्या घड्याळाचे भक्त! त्यात पाच वाजल्याशिवाय कुलूप लावायचं नाही. इकडं गल्लीत सगळ्यांचे नवरे घरात, दारं लावलेली, आणि हे अजून तिकडं लहरी सोडतायत. पावसाळ्यात त्याच बाजूला अतिरेक्यांनी बस अडवली, माणसं उतरवून गोळ्या घातल्या, पेपरात वाचलंत ना? म्हटलं, अहो, अर्धा तास आधी निघा. तर म्हणे, ‘नलू, आयनमंडळ कर्फ्यू पाळत नाही.’ मग काय करायचं मी? फिरवला काटा पुढं. स्टुलावर उभी होतेच. यांचं मनगटावरचं घड्याळ दुरुस्तीला दिलंय असं सांगितलं — ते रव्याच्या डब्यात आहे. घरात हे माझ्या हाकेवर चालतात, डबा भरला की निघायचं, ताट वाढलं की बसायचं. दसऱ्यापासून उजेडात घरी येतायत. मी खिडकीत उभी राहत नाही आता. भाजी चिरते. तुम्हाला काय सांगू, नुसती भाजी चिरत बसण्यात किती सुख आहे ते.

पण मला काय माहीत, त्या काट्याला तुमचा उपग्रहसुद्धा टांगलेला आहे! मला वाटलं, दारं-कुलपांपुरतं आहे ते; नोंदींवरची वेळही त्याच घड्याळावरून घालतात हे कुठं ठाऊक! आणि हे बिचारे रोज फिल्मा काढून बसतात, भिंग लावून. काल म्हणाले, ‘माझीच नजर गेली असेल. उपग्रह चुकणार नाही.’ जेवले नाहीत नीट. या माणसानं उभ्या जन्मात एक आकडा खोटा लिहिला नाही.

म्हणून ऐका, अविनाशराव. उद्या तुम्ही केंद्रावर जाल. चूक घड्याळाची, नजरेची नाही, असं चारचौघांत मोठ्यानं सांगा. दसऱ्यापासूनच्या नोंदी अर्धा तास मागं घ्या, केंद्र बंद करायचं लिहू नका. आणि इथून पुढं रोज तसंच करा — कागदावर. बेरीज-वजाबाकीलाच तर बसलात ना तुम्ही? पण भिंतीवरच्या काट्याला हात लावायचा नाही. यांना ते कसं पटवायचं? ते तुमचं तुम्ही बघा, मी का डॉक्टरेट केलीय?

थांबा. स्कूटर. बघा बाहेर — उजेड आहे अजून, आहे की नाही? आता आत आल्या आल्या म्हणतील, ‘आज रस्ता अगदी मोकळा मिळाला.’ रोज म्हणतात. हसायचं नाही. हा लाडू धरा, सगळा तोंडात घाला. — या! आलात? पाहुणे कधीचे वाट बघतायत... काय म्हणालात? हो का? बरं झालं. हात धुऊन घ्या. नाही, ते काही बोलणार नाहीत आत्ता, त्यांच्या तोंडात लाडू आहे.